जिवंतपणी पुरलेला शास्त्रज्ञ

१९७८ साली स्टॉकहोम येथे नोबेल प्रतिष्ठानाच्या वतीने पटकी व तत्सम अतिसार-विकारांवर एक परिसंवाद भरला होता. जगातील नामवंत जीवाणुशास्त्रज्ञ, जीवरसायनशास्त्रज्ञ आणि वैद्यक-संशोधक त्यासाठी एकत्र आले होते. त्यांच्यात कलकत्त्याहून आलेले त्रेसष्ट वर्षांचे एक गृहस्थ होते. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाच्या नोकरीतून ते पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. आपल्या मनोगतात त्यांनी सांगितले की, साठच्या दशकाच्या आरंभापासून आपण मृतच होतो. या परिसंवादाच्या समितीने आपल्याला उकरून बाहेर काढले आणि आता आपण पुन्हा जिवंत होत आहोत, असे वाटू लागले आहे.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. शंभुनाथ डे. पटकीचा जंतू माणसाला नेमका मारतो कसा, या पाऊणशे वर्षे न सुटलेल्या कोड्याचे उत्तर त्यांनी १९५९ मध्ये दिले होते. हा माणूस स्वतःला मृत म्हणवून घेतो, याचा अर्थ त्याला कोणीतरी जिवंतपणीच पुरले होते. कोणी? सवयीप्रमाणे आपण हा दोष पाश्चात्त्यांच्या माथी मारायला निघू. पण येथे ती सवय कामाची नाही. डॉ. डे यांचे निबंध छापले ते इंग्लंडमधील नियतकालिकांनी. नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचविले ते जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकन नोबेल मानकऱ्याने. सन्मानाने बोलावले ते स्वीडनने. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना आपले सदस्यत्व दिले नाही. कोणताही मोठा राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी ते वारले, तेव्हा ज्यांच्या रोगाचे मूळ त्यांनी शोधले होते, त्या देशाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

त्यांना पुरले ते आपण. म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यातही आपणच उभे राहिले पाहिजे.

मरीआईच्या सावलीत

डॉ. डे यांच्या कार्याचे मोल कळायचे, तर पटकी म्हणजे काय होते, हे आधी आठवावे लागेल. महाराष्ट्रातील कितीतरी जुन्या गावांच्या वेशीवर मरीआईचे ठाणे असते. पटकी, मरी, वाखा, महामारी अशी जितकी नावे, तितकी या रोगाची दहशत. सकाळी शेतावर गेलेला धट्टाकट्टा गडी दिवस मावळायच्या आत तिरडीवर असे. भाताच्या पेजेसारखे जुलाब सुरू होत. रोग तीव्र असेल तर तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर जाई. डोळे खोल जात, कातडी सुरकुते, नाडी हाताला लागेनाशी होई. उपचार न मिळालेल्या तीव्र रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास दगावत. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यांना टोचल्या जाणाऱ्या पटकीच्या सुईची आठवण जुन्या पिढीला असेल.

या रोगाने माणसे मारली, तसाच भारताच्या कपाळी एक कलंकही लावला. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोरच्या परिसरात भडकलेली साथ जगभर पसरली आणि युरोपने रोगाचे नामकरणच ‘एशियाटिक कॉलरा’ असे करून टाकले. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने गंगेच्या मुखाकडील प्रदेश हे रोगाचे उगमस्थान ठरविले आणि हिंदूंच्या यात्रांना त्याच्या फैलावाचे सर्वांत प्रबळ कारण मानले. दूषित पाणी आणि गर्दी यांमुळे पटकी पसरते, यात्रांतूनही ती पसरली, हे सत्यच आहे. ते नाकारण्यात कसलाही स्वाभिमान नाही. परंतु १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या दूषित पाण्याने शेकडो लोक मेले, तेव्हा इंग्रजांच्या धर्माला वा चालीरीतींना त्याबद्दल कोणी दोष दिला नाही. तेथे दोषी ठरला तो पंप. येथे दोषी ठरले ते तीर्थ.

ज्या गंगेच्या मुखाकडे जगाने बोट दाखविले, तेथीलच एका मुलाने त्या रोगाचे गुपित उकलले. एखाद्या स्वाभिमानी राष्ट्राने ही कथा पाळण्यातल्या पोरांना सांगितली असती.

पाऊणशे वर्षांचा चकवा

१८८३-८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख इजिप्तमार्गे कलकत्त्याला आला आणि स्वल्पविरामासारखा दिसणारा वाकडा जीवाणू हेच पटकीचे कारण असल्याचे त्याने जाहीर केले. इटलीच्या फिलिप्पो पाचिनीने तो जंतू १८५४ मध्येच पाहिला होता. पण त्याच्याकडे जगाने लक्ष दिले नव्हते. (शास्त्रज्ञांची उपेक्षा ही केवळ भारताची मक्तेदारी नाही, एवढे येथे मान्य केले पाहिजे.) हा जंतू काही विशिष्ट विष निर्माण करीत असावा, असा कॉखचा कयास होता. पण ते सिद्ध होईना. जंतू सापडला, तरी त्यापासून प्रयोगशाळेतील जनावरांना माणसासारखी पटकी होईना.

पुढे रिचर्ड फायफरच्या मताचा पगडा बसला. विष जंतूच्या शरीरातच बद्ध असते आणि जंतू मरून फुटल्यावर ते बाहेर पडते, असे ते मत. संशोधक प्राण्यांच्या रक्तात, पोटाच्या पोकळीत, कातडीखाली जंतू टोचत राहिले. प्राणी मरत, पण ते पटकीने मरत नसत. जुलाबच नाहीत, तर ती पटकी कसली? रोग आतड्याचा आणि शोध रक्तात, असा हा चकवा होता. कॉखनंतर सात दशके या चकव्यात गेली.

सशाचे आतडे आणि रेशमी दोरा

शंभुनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. हुगळी मोहसीन कॉलेज आणि नंतर कलकत्ता मेडिकल कॉलेज अशी वाट त्यांनी शिष्यवृत्तीच्या आधाराने चालली. १९३९ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. खासगी व्यवसायाकडे न वळता त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन पत्करले. १९४७ मध्ये ते लंडनला गेले आणि युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात प्रा. रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. पटकीचा ध्यास घेऊन ते परतले. कलकत्त्यात रुग्णांची वाण नव्हती आणि जंतूंचीही नव्हती. वाण होती ती पैशाची, उपकरणांची आणि मोकळ्या वेळेची. नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापनाचे रहाटगाडगे ओढत त्यांनी प्रयोग मांडले. पुढे १९५५ मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजच्या विकृतिशास्त्र व जीवाणुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

त्यांचा प्रयोग सांगायला इतका सोपा आहे की, तो आधी कोणाला साधला कसा नाही, असे वाटावे. सशाला भूल द्यायची. लहान आतड्याचा सुमारे चार इंचांचा भाग दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधून वेगळा करायचा. त्या बंद वेटोळ्यात पटकीच्या जंतूंचे द्रावण टोचायचे. शेजारीच दुसरे वेटोळे बांधून त्यात निर्जंतुक द्रव टोचायचा, म्हणजे तुलना करता येते. पोट शिवायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. जंतू टोचलेले वेटोळे पेजेसारख्या द्रवाने टम्म फुगलेले असे. शेजारचे वेटोळे जसेच्या तसे. पाऊणशे वर्षे जो रोग प्राण्यात उतरत नव्हता, तो कलकत्त्याच्या एका महाविद्यालयात रेशमी दोऱ्याच्या दोन गाठींमध्ये उतरला. असे बंद वेटोळे पूर्वीही एकदोघांनी वापरून पाहिले होते. परंतु त्यातून निर्णायक निष्कर्ष काढला तो डे यांनी. डी. एन. चटर्जी यांच्यासह लिहिलेला हा निबंध १९५३ मध्ये ‘जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरिऑलॉजी’त प्रसिद्ध झाला.

मग दुसरे पाऊल. आतडे फुगविणारा जंतू स्वतः की त्याने सोडलेले काही? डे यांनी जंतूंची वाढ केलेला द्रव गाळला. एकही जंतू त्यात उरला नाही. तो गाळीव द्रव वेटोळ्यात टोचला. आतडे तसेच फुगले! जंतू नसताना पटकीचे लक्षण उमटले. याचा अर्थ जंतू एक विष बाहेर टाकतो आणि रोग घडवितो ते हे विष. फायफरपासून चालत आलेले मत कोसळले. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये हा निबंध आला. लेखक एकटे शंभुनाथ डे. लांबी अवघी दोन पाने.

त्याच वर्षी मुंबईच्या परळ भागातील हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या तान्ह्या पिलांवर प्रयोग करून पटकीच्या विषाची भूमिका स्वतंत्रपणे दाखवून दिली. पिलांना पटकी करण्याची ही पद्धत दत्त आणि हब्बू यांनी १९५५ मध्येच बसविली होती. म्हणजे १९५९ या एकाच वर्षी भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील दोन शहरांतून, भारतीयांच्याच हातून, जगाला पटकीचे उत्तर मिळाले. पानसे आणि कुलकर्णी ही नावे तर आपल्या शेजारपाजारची. आपल्यापैकी किती जणांनी ती आजवर ऐकली होती?

दोन पानांतून काय उगवले?

१९६९ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते काम कसे करते, हेही पुढे उलगडले. विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीला चिकटतो, दुसरा आत शिरतो आणि पेशीतील एक नियंत्रक कळ उघडीच ठेवतो. पेशी क्षार बाहेर टाकत राहते आणि क्षारांमागोमाग पाणी वाहते. आतड्याचे अस्तर मात्र शाबूत राहते आणि साखरेबरोबर मीठ शोषण्याची त्याची शक्तीही टिकते. मीठ-साखरेचे पाणी पाजून रोगी वाचतो, तो याच कारणाने. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हाच उपाय मोठ्या प्रमाणावर योजला आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या, तोंडावाटे घ्यायच्या पटकीच्या एका लशीत आज त्या विषाचाच निरुपद्रवी भाग वापरला जातो. शिवाय १९५६ च्या निबंधात डे यांनी अतिसाराच्या रुग्णांमधील कोलाय जंतूंवर वेटोळ्याचा तोच प्रयोग केला होता. बालकांच्या अतिसाराला कारण ठरणारे हे जंतूही विषाच्याच द्वारे काम करतात, हे पुढे सिद्ध झाले. दोन पानांच्या निबंधाचा वटवृक्ष झाला. त्याच्या सावलीत जग बसले. फक्त बी पेरणाऱ्याच्या अंगणात ती सावली पोहोचली नाही.

प्रश्न उरतो, विष शुद्ध करण्याचे पुढचे पाऊल कलकत्त्यात का पडले नाही? डे यांना त्या पावलाचे महत्त्व कळत नव्हते काय? अवश्य कळत होते. १९६० मध्ये त्यांनी जंतुविरहित द्रवांवर आणखी काम प्रसिद्ध केले, १९६१ मध्ये पटकीच्या विकृतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला. परंतु शुद्धीकरणाला जी यंत्रे, जो निधी, जे मदतनीस लागतात, ते वैद्यकीय महाविद्यालयातील एका अध्यापकाला कोण देणार? स्वतंत्र भारताच्या नियोजनकर्त्यांनी विज्ञानासाठी मोठमोठ्या इमारती बांधल्या, राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभी केली. पण संशोधनाचा पैसा विद्यापीठे व महाविद्यालये यांच्याबाहेर नेऊन ठेवला. अणुसंशोधन विद्यापीठांपासून तोडण्याविरुद्ध मेघनाद साहांसारख्या शास्त्रज्ञाने आवाज उठविला होता. तो कोणी ऐकला नाही. विद्यार्थी जेथे आहेत तेथे निधी नाही आणि निधी जेथे आहे तेथे विद्यार्थी नाहीत, ही विचित्र व्यवस्था तेव्हा रूढ झाली. डे यांची कोंडी हे या धोरणाचे फळ होते. दिल्ली दरबारी ज्यांची ऊठबस, त्यांच्या प्रयोगशाळा वाढल्या; कलकत्त्याच्या रोग्यांत राबणारा प्राध्यापक ‘मृत’ झाला.

तीन पळवाटा

यावर काही ठराविक उत्तरे तयार असतात. त्यांचाही समाचार घेतला पाहिजे.

पहिले उत्तर असे की, डे हे अबोल आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते. ते पुढे आले नाहीत, त्याला कोण काय करणार? हे उत्तर निर्लज्जपणाचे आहे. शास्त्रज्ञाने आपले काम शोधनिबंधात मांडायचे असते. ते त्यांनी जगातील अग्रगण्य नियतकालिकात मांडले. त्यानंतर ते वाचण्याचे आणि ओळखण्याचे कर्तव्य अकादम्यांचे. गुणवंताने दारोदार आपल्या गुणांची जाहिरात करावी, अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था गुणवंतांची उरत नाही, ती जाहिरातबाजांची होते.

दुसरे उत्तर : पुरस्काराने काय होते? काम महत्त्वाचे! ऐकायला हे फार उदात्त वाटते. पण पुरस्कार ही केवळ गळ्यात घालायची माळ नसते. मान्यतेपाठोपाठ निधी येतो, निधीपाठोपाठ उपकरणे येतात आणि नाव ऐकून तरुण विद्यार्थी येतात. मान्यता नाकारणे म्हणजे पुढचे दहा शोध नाकारणे. डे यांचा मान हुकला, त्यांच्यापुरती गोष्ट तेथे संपली असेल. देशाची मात्र एक संपूर्ण संशोधनपरंपरा हुकली.

तिसरे उत्तर आपल्या पुरोगामी मंडळींचे आवडते. विज्ञानाला देश नसतो, म्हणून ‘भारतीय’ शास्त्रज्ञाचा अभिमान हा संकुचितपणा! विज्ञानाला देश नसेल, पण शास्त्रज्ञाला असतो, हे लुई पाश्चरनेच सांगून ठेवले आहे आणि पाश्चरला संकुचित म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. फ्रान्सने पाश्चरच्या नावे संस्था उभारली, जर्मनीने कॉखच्या नावे. त्याने त्यांचे विज्ञान आकसले नाही, उलट फोफावले. विज्ञानाला देश नाही, हे सूत्र केवळ भारतीय शास्त्रज्ञाचे नाव घेतानाच आठवावे, यामागे वैश्विकता नाही, न्यूनगंड आहे.

एकटे डे नव्हेत

हा एक अपवादात्मक प्रमाद असता, तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. ज्या १९५३ साली डे यांचा वेटोळ्याचा निबंध आला, त्याच साली कलकत्त्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी देऊन बरे केल्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तोही विस्मृतीत गेला. त्याच लॅन्सेटने १९७८ मध्ये या उपायाचा शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून गौरव केला, तेव्हा चटर्जींचे नाव किती भारतीयांच्या ओठी होते? बनगावच्या छावणीत हजारोंचे प्राण वाचविणाऱ्या महालनबीस यांना पद्मविभूषण जाहीर झाला तो २०२३ मध्ये. ते ऑक्टोबर २०२२ मध्येच निवर्तले होते.

१९७८ च्याच ऑक्टोबरात कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिली परीक्षानळी बालिका जन्मली. डाव्या आघाडीच्या सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने त्यांचा दावा धुडकावून लावला. परदेशी जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांना न्याय मिळाला तो मुंबईतून. डॉ. टी. सी. आनंदकुमार हे स्वतः १९८६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या परीक्षानळी बालिकेमागील शास्त्रज्ञांपैकी एक; देशात पहिला मान त्यांच्या चमूला मिळालेला. मुखोपाध्यायांचे हस्तलिखित कागद त्यांच्या हाती आले. त्यांनी ते बारकाईने तपासले आणि १९९७ मध्ये जाहीर केले की, पहिलेपणाचा मान आमचा नव्हे, सुभाष मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून मृत सहकाऱ्याच्या तसबिरीवर ठेवणारे असे आनंदकुमार हे खरे विद्याव्रती. पण हे घडू शकले, कारण ते कागद शिल्लक होते. ज्यांचे कागद रद्दीत गेले, अशा किती मुखोपाध्यायांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत?

आपल्याही घरात डोकावू

दोष केवळ सरकारला आणि अकादम्यांना देऊन आपली सुटका नाही. राष्ट्राभिमान मिरविणाऱ्या आपण सर्वांनीही आत्मपरीक्षण करायला हवे. प्राचीन भारताच्या वैद्यकाचा गौरव करताना आपण सुश्रुतापाशी पोहोचतो आणि तेथेच थांबतो. सुश्रुत वंदनीय आहेच. परंतु सुश्रुतानंतर एकदम शून्य, असे चित्र आपल्या भाषणांतून आपणच उभे करतो, हे आपल्या ध्यानात येते काय? ज्या परंपरेचा शेवटचा दाखला दोन हजार वर्षांपूर्वीचा, ती परंपरा जिवंत कशी म्हणायची? डे, चटर्जी, महालनबीस, पानसे, कुलकर्णी ही त्या ज्ञानपरंपरेची विसाव्या शतकातील पाने आहेत. त्यांच्या शोधांना कोणी ‘काल्पनिक’ म्हणू शकत नाही. ते छापील आहेत, तपासलेले आहेत, जगाने वापरलेले आहेत. तरीही आपल्या व्याख्यानमालांत, शाखाशाळांत, बालपुस्तकांत त्यांना जागा नाही. परकीयांनी उकरून काढेपर्यंत वाट पाहायची आणि मग अभिमानाने ऊर बडवायचा, हा स्वाभिमान नव्हे. दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर जगणारा अभिमान हाही गुलामगिरीचाच एक प्रकार आहे.

डॉ. डे यांच्या बाबतीतही तेच घडले. त्यांच्या मृत्यूनंतर १९८६ मध्ये अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी पटकी-संशोधनाचा नकाशा मांडून त्यातील डे यांचे स्थान दाखवून दिले. त्यानंतर, १९९० मध्ये, बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला आणि देशातील अकादम्यांनी केलेल्या चुकीची स्पष्ट कबुली दिली. ही कबुली प्रामाणिक होती. पण ती डे यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आली.

काय करता येईल?

श्राद्ध घालून भागणार नाही. तीन गोष्टी करता येतील आणि त्यांपैकी एकीलाही कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

एक, शालेय व वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत पटकीचा धडा येतो, तेथे कॉखच्या शेजारी डे यांचे नाव आणि त्यांचा प्रयोग आला पाहिजे. महाराष्ट्रातील पुस्तकांत त्याबरोबर हाफकिनमधील संशोधकांची नावेही यावीत. सशाच्या आतड्याचा तो प्रयोग नववीच्या मुलालाही समजतो आणि विज्ञानात शंका कशी विचारावी, हे त्यातून जितके शिकता येते, तितके दहा व्याख्यांतून शिकता येत नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या अध्यापकांच्या प्रयोगवह्या, पत्रव्यवहार, निबंधांच्या मूळ प्रती यांचे जतन करणारे दालन उघडावे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची स्थापना १८४५ ची. पुणे, नागपूर, मिरज येथेही वैद्यकीय अध्यापनाची दीर्घ परंपरा आहे. विभाग हलला, कपाट मोडले, रंगरंगोटी निघाली, की पहिली गदा येते ती जुन्या कागदांवर. मुखोपाध्यायांना मरणोत्तर न्याय कागदांनी दिला, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकाला संशोधनासाठी वेळ आणि निधी मिळाला पाहिजे आणि त्याचे मोजमाप गुणवत्तेने झाले पाहिजे. आज बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते आणि त्यापोटी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला आहे. डॉ. डे यांचा तो निबंध दोन पानांचा होता. आजच्या तक्त्यात त्याला एक गुण मिळाला असता. आणि कोणा चलाख सहकाऱ्याने पाच भिकार निबंधांच्या बळावर त्यांना मागे टाकून बढती मिळविली असती. पुढच्या शंभुनाथाला पुरण्याचे खड्डे आपण असे आजच खणून ठेवत आहोत.

मरीआईच्या गाड्यापुढे नारळ ठेवून आपल्या पूर्वजांनी रोग वेशीबाहेर घालविण्याचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. ज्याने तो उपाय दाखविणारी वाट शोधली, तो आपल्याच मातीतला, आपल्याच काळातला होता. त्याला आपण वेशीबाहेर ठेवले. रोगाला भिऊन वेशीबाहेर ठेवले, हे समजू शकते. वैद्यालाच वेशीबाहेर ठेवणाऱ्या गावाचे भवितव्य काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.